वाचायचे राहिलेले दोन परिच्छेद

मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला आलेल्या त्या ईमेलमध्ये मुरांब्याचा उल्लेख होता. आमच्याकडे येणाऱ्या ईमेलमध्ये मुरांबा नसतो. निकालाचं नाव, वर्ष, एक प्रश्न आणि शेवटी 'अर्जंट', एवढंच असतं. हा ईमेल मात्र इंग्लंडमधल्या कुठल्याशा लहान गावातल्या एका वयस्कर सॉलिसिटरने, म्हणजे वकिलाने, सावकाश पत्र लिहावं तसा लिहिला होता. त्यांचं नाव आपण प्रिचर्ड धरू.

प्रिचर्डसाहेबांचं म्हणणं असं, की तुमच्या डेटाबेसमध्ये एका जुन्या निकालापुढे लाल खूण दिसते. या निकालावर माझं तीस वर्षं प्रेम आहे, तो नेमका कुणी मारला हे कळलं तर बरं. माझ्या अशील बाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्या घराला पुढून बत्तीस दगडी पायऱ्या आहेत आणि त्या आता त्यांना उतरता येत नाहीत. मागच्या दाराने शेजारच्या शेतातून सपाट वाट आहे, तीवरून त्या चाळीस वर्षं जातायत, आता वॉकर घेऊन. शेताच्या नव्या मालकाने ती वाट बंद करायचं ठरवलंय. निकाल मेला असेल तर लढण्यात अर्थ नाही, म्हणून गुरुवारी दुपारी बारा वाजता मी त्यांच्या घरी जाऊन वाटेवरचा हक्क सोडल्याच्या कागदावर त्यांची सही घेणार आहे. वाट गेली की घरही सोडावं लागेल. जुन्या मालकाला आपण दर नाताळाला संत्र्याच्या मुरांब्याची बरणी दिली, त्या बरणीनेच घात केला असं त्यांना वाटतं, आणि त्याची त्यांना फार लाज वाटते.

मी खिडकीबाहेर पाहिलं. एप्रिल होता. आमचं ऑफिस कर्वेनगरला, तिसऱ्या मजल्यावर. खाली झेरॉक्सचं दुकान आणि कॉलेजच्या मुलांची मेस. खिडकीशी सावरीचं झाड आहे. त्या दिवसांत त्याची बोंडं फुटतात. एसी बंद पडला होता, म्हणून खिडक्या उघड्या होत्या आणि कापूस आत तरंगत येत होता. कीबोर्डवर बसायचा, फुंकर मारली की उठून पुढच्या टेबलावर जायचा. अशा दुपारी मी अर्धी कर्वेनगरला असते आणि अर्धी कुठे असते ते मलाही सांगता येत नाही.

माझं नाव संघमित्रा गजभिये. मूळची वर्ध्याची. एलएलबी करायला पुण्यात आले ती इथलीच झाले. कोर्टात कधी उभी राहिले नाही. अठरा वर्षं एका कंपनीत बसून इंग्लंडमधल्या कोर्टांचे निकाल वाचते, त्यांचा सारांश लिहिते आणि त्यांना खुणा लावते. इंग्लंड मी पाहिलेलं नाही. साधा पासपोर्ट नाही माझ्याकडे. पण तिथे कुणाचं कुंपण कुठे सरकलं, कुणाच्या छपराचं पाणी कुणाच्या भिंतीत मुरलं, कुठल्या आत्याने मृत्युपत्रातून कुठल्या भाच्याला का वगळलं, हे मला आमच्या सोसायटीतल्या भानगडींपेक्षा जास्त ठाऊक आहे.

आता थोडं समजावून सांगते. आपल्याला वाटतं, कायदा म्हणजे संसदेने केलेलं पुस्तक. इंग्लंडमध्येही तशी पुस्तकं आहेत. पण तिथला बराचसा कायदा कुणी एकदा बसून लिहिलेलाच नाही. दोघं भांडत कोर्टात गेले, न्यायाधीशाने निकाल दिला आणि त्याची कारणं लिहिली. पन्नास वर्षांनी दुसरे दोघं तसंच भांडत आले, तेव्हा नव्या न्यायाधीशाने ती जुनी कारणं उघडून पाहिली. शेकडो वर्षं असं चाललंय. संसदेने लिहिलेल्या कायद्यातल्या शब्दांचा अर्थसुद्धा शेवटी कोर्टच लावतं. आणि वरच्या कोर्टाने दिलेलं कारण खालच्या कोर्टाला पाळावंच लागतं, आवडो न आवडो.

पण निकालातलं सगळंच पाळायचं नसतं. ज्या कारणावर निकाल उभा असतो, त्याला आम्ही 'रेशो' म्हणतो. ते बंधनकारक. न्यायाधीश ओघात आणखी जे बोलून जातात ते 'ऑबिटर'. ते ऐकायचं, मान डोलवायची, पण बंधन नाही. नव्या मुलींना शिकवताना मी सांगते, सासूबाई म्हणाल्या भाजीत मीठ जास्त झालंय म्हणून वाढू नकोस, हा रेशो. त्यावरून आजकालच्या मुलींविषयी जे काही बोलल्या, तो ऑबिटर. मुली हसतात, पण विसरत नाहीत.

राहिल्या खुणा. हिरवी म्हणजे निकाल ठणठणीत आहे. पिवळी म्हणजे पुढे कुठल्या तरी न्यायाधीशाने त्याच्याविषयी शंका काढली आहे, जपून वापरा. लाल म्हणजे वरच्या कोर्टाने तो मोडीत काढला, त्याच्यावर विसंबू नका. लाल खूण दिसली की वकील मंडळी पुढे वाचत नाहीत. दोन्ही बाजूंचे वकील आमचाच डेटाबेस बघतात, म्हणजे दोन्ही बाजू वाचत नाहीत.

अशा ईमेलचं उत्तर आमच्याकडे तयार असतं. 'डेटाबेसमध्ये दाखवलेली स्थिती बरोबर आहे.' एक बटण दाबायचं. बोट बटणावर होतं. मुरांबा नसता तर दाबलंच असतं. पण आपल्याच हाताने केलेल्या मुरांब्याची कुणाला लाज वाटावी, हे काही मला सहन होईना. मी फाइलची हिस्टरी उघडली. लाल खूण दीड वर्षापूर्वी लागली होती. लावणारी एस.जी., तपासणारे व्ही.एस. एस.जी. म्हणजे मी. व्ही.एस. म्हणजे आमचे क्वालिटी हेड सबनीस सर.

तो जुना निकाल मी पुन्हा वाचायला घेतला. नदीकाठचं एक कुरण. एक माणूस रोज सकाळी हातगाडी ढकलत त्या कुरणातून घाटाकडे जातो. तीस वर्षं. कुरणाचा मालक रोज बघतो आणि काही बोलत नाही. दर शरदात तो माणूस मालकाच्या दाराशी टोपलीभर सफरचंदं ठेवतो. मालक वारला, आणि त्याचा वारस म्हणाला, ही वाट बंद. खटला उभा राहिला.

इंग्लंडमधला नियम मोठा गमतीचा आहे. दुसऱ्याच्या जमिनीवरून तुम्ही उघडपणे, जबरदस्ती न करता आणि परवानगी न घेता वीस वर्षं चाललात, तर ती वाट तुमच्या हक्काची होते. पण परवानगी घेऊन चाललात, तर शंभर वर्षं चालूनही हाती काही नाही. म्हणजे सभ्यपणे विचारणारा हरतो. वारस म्हणाला, सफरचंदं म्हणजे दरवर्षी घेतलेली परवानगीच. हायकोर्टाच्या न्यायाधीशाने लिहिलं की शेजाऱ्याने गप्प राहणं म्हणजे परवानगी देणं नव्हे, आणि टोपली म्हणजे अर्ज नव्हे. हातगाडीवाला जिंकला. प्रिचर्डसाहेबांचं प्रेम का बसलं असेल ते कळतं.

वाचता वाचता मला त्या कुरणातलं ओलं गवत दिसायला लागलं. चाकाची रेघ. लांब कुठे तरी पाणी. हा माझा जुना रोग आहे. समोरून सावरीचा कापूस गेला आणि मला क्षणभर तो धुक्याचा तुकडा वाटला.

मग मी नवा निकाल उघडला, ज्याच्या जोरावर मी लाल खूण लावली होती. हा अपील कोर्टाचा, म्हणजे हायकोर्टाच्या वरचा. इथे तीन न्यायाधीश बसतात. भांडण पुन्हा एका वाटेचंच, पण इथे मालकाने फाटकावर पाटी लावली होती, की ही वाट खासगी असून मालकाच्या मेहेरबानीने जाऊ दिलं जातं. झालं. पाटी आली म्हणजे परवानगी आली, परवानगी आली म्हणजे हक्क गेला. चालणारा हरला. एवढ्यावर निकाल संपायला हरकत नव्हती.

पण पहिल्या न्यायाधीशांची लेखणी अशी काही चालायची! चाळीस पानं. त्या गावचा इतिहास, फाटकाचं लाकूड, सकाळच्या दवात उमटलेली पावलं. आणि अडतिसाव्या पानावर त्यांनी ओघात लिहिलं होतं, की सफरचंदांचा तो जुना निकाल मुळातच चुकला, असली भेट दरवर्षी स्वीकारणं ही परवानगीच असते. दीड वर्षापूर्वी ते वाक्य वाचून मी सफरचंदांच्या निकालाला लाल खूण लावली. मला अजून आठवतं, मी इतकी हरवले होते की चहा निवून त्यावर साय आली होती.

तीन न्यायाधीश असले की पहिला सविस्तर लिहितो. उरलेल्या दोघांना पटलं असेल तर ते शेवटी एकेक परिच्छेद लिहितात, 'मी सहमत आहे.' बस. आमच्या ऑफिसात त्या परिच्छेदांना 'होयबा' म्हणतात. होयबा कुणी वाचत नाही. दिवसाला ठरलेले निकाल संपवायचे असतात, आणि होयबांत काही नसतं. हे मी स्वतः कितीतरी नव्या मुलींना सांगितलेलं आहे.

त्या दुपारी मी ते दोन्ही होयबा वाचले. दुसऱ्या न्यायाधीशांनी लिहिलं होतं, की पाटी होती म्हणून चालणारा हरतो, या निष्कर्षाशी मी सहमत आहे. सफरचंदांचा निकाल बरोबर की चूक, हे ठरवायची आज गरज नाही, आणि मी ते ठरवत नाही. तिसऱ्यांनी एकच ओळ लिहिली होती. मी दुसऱ्यांशी सहमत आहे. पहिल्यांशी म्हटलेलं नव्हतं.

तिघांतल्या एकाने सफरचंदांचा निकाल चुकला म्हटलं होतं, तेही ओघात. दोघांनी त्याला हात लावायला नकार दिला होता. निकाल जिवंत होता, दीड वर्षं आम्ही त्याला मेलेला दाखवत होतो, आणि त्यापायी परवा एक म्हातारी आपल्या वाटेचा हक्क सोडणार होती.

सबनीस सर शिवाजीनगर कोर्टात वीस वर्षं वकिली करून इकडे आलेले. राहायला कसबा पेठेत. त्यांच्या केबिनमध्ये पंखा एकवर असतो, कारण दोनवर कागद उडतात. मी म्हटलं, "सर, एक लाल खूण चुकलीय."

"कुणाची?"

"माझी. आणि तपासलीय तुम्ही."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते दोन परिच्छेद मला मोठ्याने वाचायला लावले. एकदा नाही, दोनदा. मध्येच म्हणाले, पाटीवरून हरलेला खटला आहे हा, पुण्यात झाला असता तर शोभला असता.

"शितावरून भाताची परीक्षा केलीत," ते म्हणाले.

"हो सर."

"आणि मी न शिजलेला भात वाढला." जरा थांबून म्हणाले, "खूण हिरवी नाही व्हायची. एकाने शंका घेतली आहे. पिवळी."

इथपर्यंत ठीक होतं. पुढे नियम होते. लाल खूण बदलायची तर लंडनच्या संपादकांची मंजुरी लागते, पाच कामाचे दिवस. मंजुरी येईपर्यंत 'आमची खूण चुकली' असं क्लायंटला कुणीही कळवायचं नाही, कारण कंपनीवर दावा होऊ शकतो. आणि आपण माहिती देतो, सल्ला देत नाही. मी सरांना गुरुवारची गोष्ट सांगितली. पायऱ्यांची सांगितली. मुरांब्याचीही. सरांनी उपाय काढला तो अस्सल पेठेतला. म्हणाले, "उत्तरात फक्त लिहा, कृपया परिच्छेद एकसष्ट व बासष्ट पाहावेत. वाचा म्हणणं हा सल्ला नव्हे."

मी तसं लिहून पाठवलं आणि खुर्चीत रेलले. दोन मिनिटांत आपोआप येणारं उत्तर आलं. मी बुधवारी कोर्टात आणि गुरुवारी सकाळी अशिलाकडे आहे, ईमेल गुरुवारी दुपारनंतर पाहीन. दुपारनंतर. सही बाराला.

पहाटे मला स्वप्न पडलं. मी त्या कुरणातून चालले होते. ओलं गवत, बाजूला नदी, हातात टोपली. चालता चालता कुरणाचा बांध झाला, काळी माती झाली, आणि टोपलीत सफरचंदांऐवजी बोरं निघाली. जाग आली तेव्हा ती बोरं मी ओळखली होती. चहा झाल्यावर वर्ध्याला बाबांना फोन लावला.

माझे बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्या लहानपणाची एक गोष्ट घरात अनेकदा सांगून झालेली आहे. आमच्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, छप्पन्न साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. पुढच्या वर्षी बाबांना शेजारच्या गावच्या शाळेत घातलं. जवळची वाट पाटलाच्या शेताच्या बांधावरून होती, पण आमचे लोक तिथून जात नसत. नाल्यातून, चिखलातून, लांबून जात. शाळेच्या पहिल्या दिवशी आबांनी बाबांचं बोट धरलं आणि सरळ बांधावर चढले. पाटील विहिरीशी बसला होता. त्याने पाहिलं. काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीही आबा तिथूनच गेले, आणि मग रोजच. दर हिवाळ्यात पाटलाकडे टोपलीभर बोरं पाठवायचे.

मी विचारलं, "बाबा, आबांनी पाटलाला एकदा विचारून का नाही घेतलं?"

"काहून विचाराचं?" बाबा म्हणाले. "विचारलं का मंग त्याले नाई म्हणता येते. न विचारता चाललं, का वाट आपली होते."

"आणि बोरं?"

"बोरं शेजारी म्हणून. वाटेचं भाडं नोयतं ते."

मी फोन ठेवला आणि बसून राहिले. ज्या नियमाची मला इतकी वर्षं गंमत वाटत होती, त्यात गंमत काहीच नव्हती. आबांना तो इंग्लंडच्या कुठल्याही कोर्टाशिवाय पाठ होता. माझे डोळे भरून आले, हे सांगायला लाज कसली. आणि मी त्या दिवशी ऑफिसला गेल्या गेल्या काय करणार होते, तर सबनीस सरांना विचारणार होते, की सर, मी इंग्लंडला फोन करू का?

नाही विचारलं. दुपारी दीडला, म्हणजे तिकडे सकाळी नऊला, जिन्याच्या वळणावर उभी राहून माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून फोन लावला. नंबर ईमेलखाली होता. अठरा वर्षांत मी इंग्लंडचा आवाज असा थेट ऐकला नव्हता. रिंग आपल्यासारखी नाही तिथली, दोन-दोन वाजते. एका बाईंनी उचलला. मागे किटली उकळत होती आणि कुठे तरी एक पक्षी बोलत होता. खालून मेसच्या फोडणीचा वास येत होता.

मग सांगितलं. मी पुण्याहून बोलतेय. तुमच्या साहेबांनी ज्या निकालाबद्दल विचारलं, त्यावरची लाल खूण चुकीची आहे. निकाल मेलेला नाही. अपील कोर्टाच्या निकालातले शेवटचे दोन परिच्छेद त्यांनी सही घ्यायच्या आधी वाचावेत. त्या सेक्रेटरी बाई शांतपणे लिहून घेत होत्या. साहेब अजून कोर्टात निघायचे आहेत, चिठ्ठी हातात देते, म्हणाल्या. मग विचारलं, हे कोण सांगतंय म्हणून लिहू?

इथे मला पळवाट होती. कंपनीचं नाव सांगून सुटता आलं असतं. मी म्हटलं, ती खूण जिने लावली तीच सांगतेय. आणि संघमित्रा गजभिये हे नाव एकेक अक्षर करून सांगितलं. त्याला बाकीच्या निरोपापेक्षा जास्त वेळ लागला.

तिथून सरळ सरांच्या केबिनमध्ये गेले आणि काय केलं ते सांगितलं.

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणावं लागलं असतं, सर."

"लागलं असतं," सर म्हणाले. "आता लंडनला रिपोर्ट पाठवावा लागेल. तुमचं नाव जाईल त्यात."

"जाऊ दे."

त्यांनी कागद ओढून घेतला आणि हाताने मसुदा लिहायला लागले. वरून पाहिलं तर पहिल्या ओळीत माझं नाव होतं आणि दुसऱ्या ओळीत तपासणारा म्हणून त्यांचं. त्यांनी ते लिहिलं नसतं तरी चाललं असतं. रिपोर्टमध्ये तसा रकाना नव्हता.

गुरुवारी तिकडे बारा वाजले तेव्हा इकडे साडेचार. मी एकही निकाल वाचू शकले नाही. कापूस येत होता. मला ते घर दिसत होतं, पुढच्या पायऱ्या, मागचं दार, दाराशी वॉकर. टेबलावर कागद, कागदाशेजारी पेन. पेन कुणी उचललं का, ते मात्र दिसत नव्हतं. शेजारची स्नेहल दोनदा म्हणाली, मॅडम, स्क्रीन लॉक झालाय तुमचा.

पाच वाजून गेल्यावर ईमेल आला. या वेळी तो अगदी लहान होता. 'त्यांनी सही केली नाही. आम्ही चहा घेतला. ते दोन परिच्छेद मीही वाचले नव्हते.' मी तो तीनदा वाचला आणि सरांना फॉरवर्ड केला. सरांचं उत्तर आलं, 'पाहिले.' एवढंच. पेठेत याला आनंद म्हणतात.

लंडनहून मंजुरी पाच नव्हे, नऊ दिवसांनी आली. लाल खूण गेली, पिवळी आली. सर्क्युलर निघालं, की यापुढे सर्व न्यायाधीशांचे परिच्छेद वाचणे बंधनकारक. आधी काय होतं, असं कुणी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या नावाने एक पार्सल आलं. आत प्रिचर्डसाहेबांचं पत्र. खटला तिथल्या काउंटी कोर्टात, म्हणजे आपल्याकडच्या दिवाणी कोर्टासारख्या खालच्या कोर्टात चालला. तिथल्या न्यायाधीशांनी सांगितलं, की अपील कोर्टातल्या पहिल्या न्यायाधीशांचं लेखन फार सुंदर आहे, पण ते ओघातलं आहे. मला हायकोर्टाचा सफरचंदांचा निकाल पाळणं भाग आहे. मुरांबा हा मुरांबा आहे. बाई जिंकल्या. रोज सकाळी त्या वाटेवरून वॉकर घेऊन जातात आणि, प्रिचर्डसाहेबांच्या शब्दांत, गरजेपेक्षा जास्त वेळा जातात.

तो निकाल आमच्या डेटाबेसमध्ये नाही. काउंटी कोर्टाचा निकाल कुणावर बंधनकारक नसतो, म्हणून आम्ही तो घेत नाही. अठरा वर्षांत वाचलेल्या निकालांपैकी ज्याचं मला सगळ्यात अप्रूप, तो मी वाचलेलाच नाही.

पार्सलमध्ये बरणीही होती. क्लायंटची भेट जाहीर करावी असा नियम आहे, म्हणून मी ती घेऊन सरांकडे गेले. सरांनी ती उजेडात धरून पाहिली. म्हणाले, "घ्या. बरणी घेतली म्हणून कसली परवानगी दिली असं होत नाही. त्यावर निकाल आहे."

"खूण कुठली, सर?"

"पिवळी. जपून खा."

बरणी मी मेमध्ये वर्ध्याला नेली. आमच्याकडे संत्र्यांना तोटा नाही, पण सालीसकट असलं काही कुणी करत नाही. बाबांनी बोटाने चाखलं, तोंड वाकडं केलं, म्हणाले, कडू हाय. मग पोळीला लावून आणखी मागितलं.

आता मी निकाल शेवटून वाचायला घेते. आधी होयबा, मग बाकीचे. सुंदर लिहिणाऱ्या न्यायाधीशांना सगळ्यात शेवटी ठेवते, तेही चहा संपवून. नव्या मुलींनाही तेच सांगते, आणि आधी उलटं का सांगत होते तेही सांगते.

त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये माझ्या नावापुढे लाल खूण लागली. सरांच्याही. मी ती फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत सगळी वाचून काढली. खूण बरोबर होती.